पोटावरची पिशवी आणि बंगलोरचं विमान

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक आधी दुकानावरून पुढे निघून जायचं. मग परत यायचं, बाहेर मांडलेल्या वॉकरकडे आणि कमरेच्या पट्ट्यांकडे बघत उभं राहायचं, आणि आत दुसरं कोणी नाही असं दिसलं की काउंटरवर वाकून हळूच विचारायचं, "ती पिशवी मिळते का इथे?"

कसली पिशवी, हे आम्ही कधी विचारलं नाही. मी त्यांना आतल्या खोलीत घेऊन जायचे, पडदा ओढायचे आणि बसायला खुर्ची द्यायचे. निम्मं काम त्या खुर्चीवरच व्हायचं.

मी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. गुडघ्यांनी जाण्यायेण्याला नकार दिला तेव्हा मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मीरा रोडला किरीटभाईंच्या सर्जिकल सामानाच्या दुकानात नोकरी धरली. घर हाटकेशला, दुकान रिक्षाच्या अंतरावर. किरीटभाईंना वाटलं होतं मी बीपीची मशीनं विकेन. मी विकल्या पिशव्या.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोठ्या आतड्याच्या शेवटाला कॅन्सर झाला की कधीकधी तो सगळा भागच काढून टाकावा लागतो. मग सर्जन आतड्याचं टोक पोटावर, बहुतेक वेळा डावीकडे, बाहेर आणून शिवतात. लालसर, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखं दिसतं ते. दुखत नाही. पण शौच तिथून होते आणि ती कधी होणार यावर माणसाचा ताबा राहत नाही. म्हणून तिथे कातडीला चिकटणारी एक चकती लावायची, मधोमध आपल्या मापाचं भोक कापायचं आणि तिच्यावर पिशवी अडकवायची. खाली क्लिप असते, ती उघडून पिशवी रिकामी करायची. नीट लावली तर वास येत नाही, गळत नाही, शर्टावरून कळत नाही. माणूस भात खातो, नोकरी करतो, लग्नाला जातो. हे सगळं मी रोज सांगायचे आणि समोरचा माणूस रोज एकच विचारायचा: "कोणाला कळणार तर नाही ना?"

दोन हजार सालानंतर विमानाची तिकिटं स्वस्त झाली आणि आमच्या भागातली साधी माणसंही विमानाने जायला लागली. कोणाचा मुलगा हैदराबादला, कोणाची मुलगी दिल्लीला. पोरं तिकिटं पाठवायची आणि आईबाप हौसेने निघायचे. आमची गिऱ्हाइकं मात्र तिकीट हातात आलं की घाबरून दुकानात यायची. त्यातले एक गृहस्थ मला न विचारता गेले होते. लाज वाटली म्हणून सगळ्या पिशव्या मोठ्या बॅगेत तळाशी घातल्या, ती बॅग काउंटरवर दिली आणि ती भलत्याच गावाला गेली. हैदराबादला पोटाला टॉवेल गुंडाळून, त्यावर दुधाच्या पिशव्या बांधून ते बसून राहिले. परत आल्यावर हे सांगताना ते हसत होते, मीही हसले. पण त्यानंतर विमानाने जाणाऱ्या माणसाला मी असंच सोडलं नाही.

माझे नियम सोपे होते. सामान सगळं हातातल्या बॅगेत, जवळ. कात्री आत नेऊ देत नाहीत, म्हणून चकत्यांना घरूनच भोकं कापून घ्यायची. आदल्या दिवसापासून हरभरा, कोबी, सोडा बंद, कारण वर गेल्यावर हवा फुगते. वेफरचं पाकीट फुगतं तशी पिशवीही फुगते. निघण्यापूर्वी रिकामी करायची. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी खिशात. आणि शेवटचा नियम, जो सगळ्यांना जड जायचा: तपासणीला उभं राहिल्यावर जवानाचा हात पोटावर येणार, तो थांबणार, तेव्हा गप्प राहायचं नाही. स्वतः सांगायचं.

दत्ताराम शिगवण या नियमाला अडले.

शिगवणकाका मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मीरा रोडलाच पूनम सागर वसाहतीत दोन खोल्यांचं घर. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, बोलणं मोजकं. गावच्या भजनात मृदंग वाजवायचे. ऑपरेशननंतर तो पोटाशी बांधवत नाही म्हणून भाच्याला देऊन टाकला होता. ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्या काळात ते मीरा रोडच्या बाहेर पडले नव्हते. पिशवीचं फक्त काकूंना माहीत होतं. एकुलती एक मुलगी मनीषा बंगलोरला. तिला एवढंच सांगितलेलं की बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, आता बरे आहेत.

मनीषा बाळंतपणाला माहेरी यायची होती, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नाही. बाळंतपण बंगलोरलाच झालं. मुलगी झाली. बारशाला आईबाबांनी यायचंच, म्हणून तिने दोघांची विमानाची तिकिटं पाठवली. काका तिकिटं घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "हिला एकटीला पाठवतो. ही जात नाही म्हणते."

मी त्यांना सगळे नियम सांगितले. बाकीचं त्यांनी फोरमनसारखं ऐकलं, दोन शंकाही विचारल्या. तपासणीचं सांगितलं तसे ते उठून उभे राहिले. परक्या माणसाला, चारचौघांत, हे कसं सांगणार, म्हणाले.

तेव्हा किरीटभाई मदतीला आले. दुकान दुपारी बंद केल्यावर ते हातात टॉर्च घेऊन जवान व्हायचे आणि काका हात पसरून उभे राहायचे. किरीटभाईंचा हात पोटावर थांबायचा. "अंकल, ये क्या है?" काकांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पहिल्या दिवशी ते तसेच चप्पल घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. किरीटभाईंनाही त्यात रस यायला लागला होता. कधी दरडावून विचारायचे, कधी प्रेमाने. आणि एका दुपारी काका भिंतीकडे बघत म्हणाले, "मेरा आपरेशन हुआ है. पेट पे बॅग लगी है. परदे के पीछे दिखाता हूँ." किरीटभाईंनी टॉर्च खाली ठेवून सलाम केला. काका कधी नव्हे ते हसले.

परत आल्यावर ते आधी दुकानात आले. या वेळी दुकानावरून पुढे गेले नाहीत. मुंबईच्या विमानतळावर जवानाचा हात खरंच थांबला होता. काकांनी ते वाक्य एका दमात म्हणून टाकलं. जवान त्यांना पडद्याआड घेऊन गेला, काकांनी शर्टाची दोन बटणं काढली. जवानाने पाहिलं, मान खाली घातली आणि हळू आवाजात विचारलं की दुखतं का. काका नाही म्हणाले. त्याने स्वतः त्यांची हातातली बॅग उचलून दिली. विमानात पिशवी फुगली तेव्हा काका घाबरले नाहीत, उठून संडासात गेले आणि हवा काढून आले. "कडी लावल्याशिवाय तिथला दिवा पूर्ण लागत नाही, सिस्टर," त्यांनी मला सांगितलं, आता विमानाने जाणाऱ्या दुसऱ्या कोणाला मी ते सांगावं म्हणून. येताना बंगलोरला कोणी थांबवलंच नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

नात कशी आहे, मी विचारलं. "बरी आहे," ते म्हणाले. "आईवर गेलीय." आणि सामान घेऊन निघाले.

मला अभिमान वाटला. किरीटभाईंनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना पियुष मागवलं.

दोन-तीन आठवड्यांनी काकू एकट्या दुकानात आल्या. त्या कधी येत नसत, पिशव्या काका स्वतःच न्यायचे. त्या खुर्चीवर बसल्या आणि पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. मग जे सांगितलं ते असं.

बारशाला नाव ठेवून झालं, बाळ सगळ्यांकडे फिरलं, आणि कोणीतरी म्हणालं, आता आजोबांकडे द्या. काकांनी दोन्ही हात मागे घेतले. माझे हात गार आहेत, म्हणाले. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मनीषाने बाळ पुढे केलं तर म्हणाले, मला सर्दी आहे. नंतर ते गॅलरीतच खुर्ची टाकून बसायला लागले. राहिले तेवढ्या दिवसांत त्यांनी नातीला एकदाही घेतलं नाही. मनीषाच्या सासूबाई सहज म्हणाल्या की काही माणसांना नातूच हवा असतो. ते मनीषाच्या मनात बसलं. निघायच्या दिवशी सामान दाराशी आलं तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, मुलगी झाली म्हणून तुम्ही नाराज आहात का?"

"मग काय म्हणाले काका?" मी विचारलं.

"म्हणाले, तसं समज."

काकू तिथेच उभ्या होत्या. पण काकांनी त्यांना स्वतःची शपथ घातली होती. गाडीत बसल्यावर काका विमानतळापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. आता मनीषाचा फोन येतो, म्हणाल्या, पण आईसाठी. बाबांनी उचलला तर ती आईला द्या म्हणते.

पुढच्याच रविवारी मी पूनम सागरला त्यांच्या घरी गेले. काकू चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. काका सुट्टीच्या दिवशीही इस्त्रीच्या शर्टात बसले होते. मी कशाला आलेय ते त्यांना कळलं होतं. मी सरळ विचारलं, का नाही घेतलंत पोरीला.

"तिचा पाय लागून पिशवी सुटली असती तर? बारशाला एवढी माणसं. नवे कपडे घातले होते तिला."

"सुटत नाही, काका."

"माहीत आहे मला. तुम्ही सांगितलंय. पण हात पुढे जाईना."

मग मुलीला खरं का नाही सांगत, मी म्हटलं. त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाले की मी कारखान्यातून आलो की ती दारातच अंगावर उडी मारायची. कपडे काळे, अंगाला पॉलिशचा वास, तरी उतरायची नाही. तिच्या डोक्यात तो बाप आहे, तोच राहू दे.

"आणि तिला वाटतंय की तुम्हाला तिची मुलगी नको आहे, त्याचं काय?"

"राग आहे तो, सिस्टर. राग येतो तसा जातो. किळस आली तर ती जात नाही."

आजवर कोणी ना कोणी मला हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं, पण इतकं स्पष्ट नाही. मी त्यांना म्हटलं की ती तुमची मुलगी आहे, तिला तुमची किळस येणार नाही. त्यांनी मान डोलावली. पण मला कळलं की दीड वर्ष रोज सकाळी न्हाणीघरात स्वतःच्या पोटाकडे बघताना त्यांना जे वाटत होतं तेच ते बोलत होते. त्यावर माझ्याकडे चकती नव्हती.

मनीषाचा नंबर काकूंकडून घेऊन मी तिला फोन करू शकले असते. तसं मनात येऊनही गेलं. आमच्या कामात कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही हे ज्याच्या पोटावर पिशवी आहे तो ठरवतो. वॉर्डात पहिल्या दिवसापासून हेच शिकले आणि हेच नव्या मुलींना शिकवलं. नियम बरोबर आहे. आजही मी तो मोडणार नाही. त्याचं ओझं मात्र कोणी उचलायचं हे शिकवत नाहीत.

चहा गार झाल्यावर काका एवढं म्हणाले की पोरीचा पहिला वाढदिवस येईल तेव्हा जाईन आणि घेईन तिला. तोवर तिची मान धरलेली असेल, ती आपली आपण बसत असेल, मग मला भीती वाटणार नाही. मी म्हटलं, आणि मनीषाला सांगाल? ते म्हणाले, बघू. बघू म्हणजे त्यांच्याकडून बरंच होतं.

ते शब्दाला जागले. वाढदिवसाला महिनाभर असताना त्यांनी तिकिटं काढली, या वेळी स्वतःच्या पैशाने. दुकानात आले, किरीटभाईंना विचारलं की तपासणीचे नियम बदलले का. पिशव्यांचा एक डबा जास्त घेतला. माझ्याकडून चकत्यांना भोकं कापून घेतली. स्वतः कापायला शिकले होते तरी म्हणाले, तुमची गोल येतात. जाताना पडद्यापाशी थांबले आणि म्हणाले की मनीषा लहान असताना डाव्या कडेवर बसायची, उजव्या हाताने आपलं काम करता यायचं. आता पोरीला उजवीकडे घ्यायची सवय करतोय. काकू हसतात, उशी घेऊन चालतो म्हणून.

जायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून नेलं, पण इस्पितळात पोचेपर्यंत संपलं होतं. आतड्याचा काही संबंध नव्हता. हृदय होतं. ज्या आजाराशी ते दोन-अडीच वर्षं लढले तो बिचारा बाजूलाच राहिला.

मी भेटायला गेले तेव्हा मनीषा पोचली होती. गर्दी होती, बोलणं झालं नाही. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. कोणीतरी ओळखीची बाई, एवढंच तिला वाटलं असेल.

दिवसकार्य झाल्यावर ती दुकानात आली. कडेवर मुलगी आणि हातात कापडी पिशवीत काकांचे न उघडलेले डबे. असे डबे नेहमी परत येतात. ते टाकवत नाहीत म्हणून घरचे लोक आणून देतात आणि आम्ही ज्यांना परवडत नाही त्यांना देतो. मनीषाने डबे काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, "सिस्टर तुम्हीच ना? आईने मला सगळं सांगितलं. पण मला वाटतं, मी बाबांवर रागावू नये म्हणून आई असं सांगतेय. तुम्ही खरं सांगा."

मी तिला आतल्या खोलीत त्याच खुर्चीवर बसवलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि काकूंनी तोंड उघडल्यावर शपथही सुटली होती. किरीटभाईंची टॉर्च, भिंतीकडे बघून म्हटलेलं वाक्य, विमानतळावरचा जवान, पूनम सागरमधली दुपार, उशी, सगळं सांगितलं. ते किळसेचं वाक्यही सांगितलं. ते सांगावं की नाही याचा मी आदल्या रात्रीपर्यंत विचार करत होते, कारण ती येईल असं मला वाटत होतं. ती रडली नाही. पोरीचं झबलं सारखं करत ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा एका परक्या जवानाला सांगू शकले."

मी म्हटलं, "परका होता म्हणून सांगू शकले."

थोड्या वेळाने ती म्हणाली, मला दाखवा कसं असतं ते. मी डबा उघडून तिच्या हातात पिशवी दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, असं नाही, लावून दाखवा.

घरच्या माणसांना आम्ही कधीकधी असं करून दाखवतो. रुग्णाला काय वाटत असेल ते कळावं म्हणून पिशवीत थोडं कोमट पाणी घालून ती त्यांच्या पोटावर लावतो. फार कमी लोक तयार होतात. किरीटभाईंनी पोरीला बाहेर नेलं. मी मनीषाच्या पोटावर डावीकडे चकती लावली, तळहाताने दाबून धरली, पाणी घातलेली पिशवी अडकवली. तिने वरून कुर्ता सोडला, आरशात पाहिलं, बाजूला वळून पाहिलं. काही दिसत नव्हतं.

"पोरीला द्या," ती म्हणाली.

किरीटभाईंनी मुलीला आत आणलं. मनीषाने तिला डाव्या कडेवर घेतलं, बरोबर पिशवीवर. पोर दीडएक मिनिट शांत बसली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे झेपावली आणि पाय झाडायला लागली. मनीषाने तिला आवरलं नाही. ती खोलीतल्या खोलीत चालली, वाकली, सरळ झाली. पाय पिशवीवर आपटत होते. मग तिने हात कुर्त्याखाली घालून चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं, सगळीकडे कोरडं होतं.

"काहीच होत नाही हो, सिस्टर," ती म्हणाली. "काहीच होत नाही."

किरीटभाई पडद्याबाहेर गेले.

काढून देऊ का, मी थोड्या वेळाने विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. चपला घातल्या, मुलीला त्याच कडेवर ठेवलं आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवली.